सुई विसावर

मिस्त्री बासष्टाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन बीजगणित शिकायला बसले, तेव्हा घरात कुणालाच त्याचं कारण ठाऊक नव्हतं. मुलाला वाटलं, निवृत्तीनंतर वेळ जात नसेल. सुनेला वाटलं, ती नववी-दहावीच्या शिकवण्या घेते ते शेजारच्या खोलीतून ऐकून ऐकून त्यांना हौस आली असेल. मिस्त्रींनी दोघांनाही तसंच वाटू दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

"सूनबाई, मला ते क्षवालं गणित शिकव," ते म्हणाले होते.

"क्षवालं?"

"तेच गं. अर्धे आकडे, अर्धी अक्षरं. आठवीत ते सुरू झालं आणि मी शाळेतून जो पळालो तो थेट मोटारी गुंडाळायच्या दुकानात."

"मग आता कशाला उकरून काढताय, बाबा?"

"अर्धवट राहिलंय म्हणून."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

पस्तीस वर्षं मिस्त्रींनी एका धुलाईच्या कारखान्यात विजेचं काम केलं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं गाड्या भरून यायच्या आणि घड्या घालून परत जायच्या. मोठी धुलाईयंत्रं, त्याहून मोठे ड्रायर, आणि सगळ्यांना वाफ पुरवणारा एक बॉयलर. यातलं काहीही बंद पडलं की मिस्त्रींना हाक जायची. हाताला कळतं ते डोक्याला कशाला विचारायचं, हे त्यांचं ब्रीद. हवा तो भाग पेटीत नसला तर त्याच्या जवळपासचा बसवून ते वेळ मारून न्यायचे. वडाची साल पिंपळाला लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साल बहुतेक वेळा चिकटायची, म्हणून कुणी विचारतही नव्हतं.

त्याच कारखान्यात त्यांचा धाकटा भाऊ बॉयलरवर होता. मिस्त्रींनीच त्याला चिकटवलं होतं. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी त्या बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, आतली नळी तापून फुटली आणि धाकट्याचा उजवा हात आणि मान वाफेनं भाजून निघाली. एक कानही गेला. जीव वाचला एवढंच.

पाणी खाली गेलं की तिथल्या पॅनेलवर तांबडा दिवा लागायचा. पाणी दाखवणारी काच क्षार चढून केव्हाच आंधळी झाली होती, त्यामुळे सगळी भिस्त त्या दिव्यावर. चौकशी झाली. धाकटा म्हणाला, "मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. दिवा लागलाच नाही." चौकशीच्या साहेबांनी मिस्त्रींना विचारलं. अपघाताच्या चारच दिवस आधी त्या दिव्याचं काम मिस्त्रींनी केलेलं. ते म्हणाले, "दुरुस्तीनंतर मी स्वतः तपासला होता. दिवा लागत होता." खाली सही केली.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण आदल्या महिन्यात मुकादमानं धाकट्याला एकदा पेंगताना पकडलं होतं. तेव्हा त्याची मुलगी आजारी होती आणि तो सलग दोन-दोन पाळ्या करायचा. त्यामुळे साहेबांना फारसा विचार करावा लागला नाही. नोकरी गेली, बॉयलरचा परवाना गेला. वर कुणीतरी त्याला 'डुलकी' म्हणायला लागलं आणि ते नाव त्वचेसारखं अंगाला बसलं. त्याची मुलगी शाळेत डुलकीची पोर झाली.

कचेरीच्या पायऱ्यांवर तो मिस्त्रींना एवढंच म्हणाला होता, "दादा, तू म्हणतोस लागत होता. मी म्हणतो लागला नाही. म्हणजे दोघांतला एक खोटा." त्यानंतर दोघं बोलले नाहीत. आई गेली तेव्हाही दोघांनी दोन बाजूंनी खांदा दिला आणि दोन वाटांनी घरी गेले.

आपले दात, आपलेच ओठ. मिस्त्री कुणापाशी काही बोलले नाहीत. मनात मात्र एक पक्कं धरून बसले, की धाकटा झोपला होता. तसं धरल्याशिवाय त्यांना जगताच आलं नसतं.

आता यंदा कारखाना बंद झाला आणि सगळं भंगारात निघालं. भंगारवाला ओळखीचा. त्यानं एक लोखंडी पेटी मिस्त्रींच्या ओट्यावर आणून टाकली. "मिस्त्री, यातलं तांबं तेवढं सोडवून द्या."

झाकण उघडल्यावर मिस्त्रींनी पेटी ओळखली. बॉयलरच्या खोलीतलं पॅनेल. झाकणाच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्या कंपनीनं डकवलेला तारांचा नकाशा अजून शाबूत होता. आत एका जोडावर हिरव्या नळीचा तुकडा चढवलेला होता. आपल्या प्रत्येक जोडावर असा तुकडा चढवायची त्यांची सवय होती, सही केल्यासारखी. त्या नळीशेजारी एक रेझिस्टर. विजेच्या वाटेत अडथळा म्हणून बसवतात तो, तांदळापेक्षा थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे. नारिंगी, नारिंगी, तपकिरी. हे पट्टे मिस्त्री झोपेतही वाचतील. तीनशे तीस.

नकाशावर छापलं होतं, दोनशे चाळीस ओहम.

मग त्यांना ते सगळं आठवलं. जुना रेझिस्टर जळला होता, पेटीत दोनशे चाळीसचा नव्हता, तीनशे तीसचा होता. नव्वदानं काय बिघडतंय, असं ते तेव्हा म्हणाले होते. मोठ्यानं म्हणाले होते. आणि काही बिघडलंही नव्हतं. दिवा लागला होता.

मिस्त्री तसेच ओट्यावर बसून राहिले. बिघडलं असेल का? साधा माणूस म्हणेल, पेटीला वीज जोड आणि बघ. पण रेझिस्टरच्या पुढे त्याच वाटेत बसवलेला, दिवा चालू करणारा रिले, म्हणजे वीज आली की टक्‌कन आवाज करून पट्टी ओढून घेणारा छोटा लोहचुंबक, वाफेत सापडून केव्हाच गंजून मेला होता. तसा रिले आता कुणी बनवत नव्हतं. फक्त त्याच्यावरची अक्षरं वाचता येत होती. त्याच्या तारेच्या वेटोळ्याचा अडथळाही योगायोगानं दोनशे चाळीस ओहमच. किमान नऊ व्होल्ट मिळाले तरच ओढणार.

आयुष्यात पहिल्यांदा हाताला विचारून भागणार नव्हतं. हिशेब कागदावरच होणार होता, आणि कागदावरचा हिशेब मिस्त्रींनी आठवीत सोडला होता.

म्हणून दुपारी जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूनबाईंचा वर्ग भरायचा. विद्यार्थी एकच, आणि तोही हट्टी.

"ही बाजू आणि ती बाजू," सूनबाई मधल्या बरोबरच्या चिन्हावर पेन्सिल ठेवून म्हणायची. "एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूला करायचं. भागलंत तर दोन्हीकडे भागा."

"आमचे मास्तर म्हणायचे, आकडा पलीकडे गेला की चिन्ह बदलतं."

"आकडा कुठंही जात नाही, बाबा. त्याला काय पाय आहेत? दोन्हीकडे सारखं करायचं, बस."

मिस्त्री मान डोलवायचे आणि पुढच्याच ओळीत एका बाजूला भागून दुसरी बाजू तशीच सोडायचे. सूनबाई लाल शाईनं गोल करायची. सुनेच्या हातून लाल गोल खाणारा सासरा त्या गल्लीत तरी दुसरा नसेल. मुलगा हसायचा, "बाबा, नापास झालात तर घरी सांगू का?"

दोन आठवड्यांत क्ष सुटायला लागला. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी हळूच विजेची गणितं पुढे सरकवली. व्ही म्हणजे दाब, आय म्हणजे प्रवाह, आर म्हणजे अडथळा. दाब भागिले अडथळा बरोबर प्रवाह. हे त्यांना तोंडपाठ होतं, पण पाठ असणं आणि वापरता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक. एकापुढे एक दोन अडथळे असले की त्यांची बेरीज खाली मांडायची. मिस्त्रींनी त्या बेरजेचे तुकडे केले. चोवीस भागिले तीनशे तीस वेगळं काढलं, चोवीस भागिले दोनशे चाळीस वेगळं काढलं आणि दोन्ही मिळवून टाकलं.

सूनबाई लाल पेन उचलणार एवढ्यात ते स्वतःच म्हणाले, "थांब. हे चुकलंय."

"कशावरून?"

"अगं, एका अडथळ्यातून जेवढा प्रवाह जातो त्यापेक्षा दोन अडथळ्यांतून जास्त जाईल कसा? एकामागे एक दोन दारं असलेल्या घरात चोर लवकर शिरतो होय?"

सूनबाई खळखळून हसली आणि तिनं लाल पेन खाली ठेवलं. "तुम्ही पास, बाबा. खालच्या बेरजेचे तुकडे करायचे नसतात, तिला कंसात ठेवायचं." त्या दिवशी मिस्त्रींना बरं वाटलं. हाताला जे माहीत होतं तेच कागद म्हणत होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी दोघांची ओळख झाली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाजारात गेली असताना त्यांनी एकट्यानं ते गणित मांडलं. चोवीस व्होल्ट. खाली कंसात रेझिस्टरचे तीनशे तीस अधिक रिलेचे दोनशे चाळीस. आलेल्या प्रवाहाला रिलेच्या दोनशे चाळिसांनी गुणलं. भागाकार तीनदा तपासला. दहा पूर्णांक एक.

नऊ लागत होते. दहा मिळत होते.

मिस्त्रींनी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुटलो, ते मोठ्यानं म्हणाले. त्या संध्याकाळी ते दोन घास जास्त जेवले आणि मुलाशी उगाचच गप्पा मारत बसले. त्यांना आनंद झाला होता. त्या आनंदाचा अर्थ धाकटा झोपला होता असा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. तरीही आनंद झाला होता, आणि ते इथं लपवण्यात काही अर्थ नाही.

गणित सूनबाईला दाखवायचा मोह मात्र त्यांना आवरला नाही. बरोबरची खूण हवी होती. तिनं ओळ न् ओळ पाहिली.

"मांडणी चोख आहे. पण हे चोवीस कुठून आलं?"

"पॅनेलवर लिहिलेलं असतं ना. चोवीस व्होल्टचं पॅनेल."

"लिहिलेलं असतं म्हणजे नेहमी तेवढंच असतं का?" ती सहज म्हणाली. ती मुलांना विचारते तसंच. "नसेल तर तिथं अक्षरच राहू द्या. पोरं काय करतात, पहिल्या ओळीतच आकडा कोंबतात आणि मग ते अक्षर होतं हे विसरून जातात. व्ही बदलू शकतो म्हणून तर त्याला व्ही म्हणायचं."

मिस्त्रींनी चोविसावर बोट ठेवलं. पॅनेलवर एक काट्याचा मीटर होता. सकाळी त्याची सुई चोविसावर असायची. दुपारी सगळे ड्रायर एकदम चालू झाले की जुन्या तारांवर ताण यायचा आणि सुई खाली उतरायची. 'सुई विसावर' हा तर कारखान्यातला बोलण्यातला शब्दच झाला होता. जेवणानंतर एखादा कामगार सुस्तावला की बाकीचे म्हणायचे, याची सुई विसावर आली. मिस्त्रीही म्हणायचे. शेकडो वेळा म्हटलं असेल.

आणि त्यांनी दिवा तपासला होता तो सुट्टीचा दिवस होता. कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. एकही यंत्र चालू नव्हतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. व्ही कसा काढायचा ते दाखव. नऊ पाहिजेत तर व्ही किती लागेल?"

"मी नाही दाखवणार. तुम्हीच काढा."

त्यांनी काढला. नऊ बरोबर व्ही गुणिले दोनशे चाळीस, भागिले पाचशे सत्तर. दोन्ही बाजूंना पाचशे सत्तरनं गुणलं. दोन्ही बाजूंना दोनशे चाळीसनं भागलं. एकही बाजू विसरले नाहीत. एकवीस पूर्णांक तीनशे पंचाहत्तर सहस्रांश. मग खाली नकाशातला मूळ रेझिस्टर घालून पुन्हा तेच केलं. अठरा.

म्हणजे जुन्या रेझिस्टरवर सुई अठरापर्यंत उतरली असती तरी दिवा लागला असता. मिस्त्रींनी बसवलेल्या रेझिस्टरवर साडेएकविसाच्या आसपासच तो आंधळा होत होता. आणि त्या दुपारी सगळे ड्रायर चालू होते. सुई विसावर होती.

त्यांनी पेन्सिल त्या आकड्यावर ठेवली ती उचललीच नाही. सूनबाईनं वही बाजूला केली, पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि समोर बसली. मग मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. काकांचं नाव या घरात का घेत नाहीत, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"पण तुम्ही खोटं कुठं बोललात?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही पाहिलं तेव्हा लागला होता."

"लागला होता. आणि त्यानं पाहिलं तेव्हा लागला नाही. दोघंही खरं बोललो." मिस्त्रींनी पेला न पिताच बाजूला सारला. "आणि माझं खरं त्याच्या गळ्याचा फास झालं गं. नव्वदानं काय बिघडतंय म्हणालो होतो मी."

सूनबाईनं समजूत घालण्यासारखं काही म्हटलं नाही. हे बरं केलं. ती एवढंच म्हणाली, "हे पान फाडू नका."

मिस्त्रींच्या मनात तेच आलं होतं. बैल गेला आणि झोपा केला, आता सांगून उपयोग कुणाला? कारखाना उरला नाही, साहेब उरले नाहीत, कागद वाळवीनं खाल्ले असतील. असे विचार दोन दिवस आले आणि गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला, वही पिशवीत टाकली, पॅनेलमधला तो रेझिस्टर हिरव्या नळीसकट कापून खिशात घातला आणि घराबाहेर पडले.

धाकटा एका वाहनतळावर चिठ्ठ्या फाडायचा. पत्र्याची खोपटी, आत एक स्टूल, पुढे लावलेल्या गाड्यांच्या रांगा. त्यानं लांबूनच मिस्त्रींना ओळखलं, पण चिठ्ठ्या फाडणं थांबवलं नाही. भाजलेला हात पूर्ण सरळ होत नव्हता, म्हणून तो चिठ्ठी डाव्या हातानं फाडायचा. हे मिस्त्रींना माहीत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मिस्त्री खिडकीशी गेले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"छोट्या," ते म्हणाले. हे नाव आईनंतर कुणी घेतलं नव्हतं. "दिवा लागला नव्हता."

धाकट्यानं चांगला कान पुढे केला. "काय?"

"दिवा. त्या दिवशी. लागला नव्हता. तू झोपला नव्हतास."

धाकट्यानं चिठ्ठ्यांचं पुस्तक मिटलं. मिस्त्रींना वाटलं, आता शिव्या देईल. त्यांची तयारी होती. देईल तेवढ्या घ्यायच्या, असं ठरवूनच ते आले होते.

"नको रे दादा," धाकटा हळूच म्हणाला. "आता जाऊ दे. मी झोपलोच असेन."

"नाही म्हणतोय ना मी!"

"पहिली चार-पाच वर्षं मी भांडलो. सगळ्यांशी भांडलो. मग वाटायला लागलं, एवढी सगळी माणसं म्हणतात, तू म्हणतोस. तू तर खोटं बोलणारा नाहीस. म्हणजे मलाच लागली असेल डुलकी." तो खाली बघून चिठ्ठ्यांचं पुस्तक नीट करत राहिला. "आता मला आठवतंसुद्धा तसंच. मान खाली गेलेली. खरंच आठवतं. काय सांगू तुला."

चौदा वर्षं मिस्त्रींनी भावाची नोकरी गेली म्हणून, नाव गेलं म्हणून हळहळ केली होती, चोरून. त्याचे स्वतःचे डोळेही आपण त्याच्याकडून काढून घेतले, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यांनी खोपटीचं दार ढकललं, आत शिरले आणि स्टुलाशेजारी जमिनीवर बसले. खिशातून रेझिस्टर काढून धाकट्याच्या तळहातावर ठेवला. मग वही उघडली. "हे बघ. हे मी लावलेलं. हे नकाशात होतं ते. हा रिले. याला नऊ लागतात."

"मला गणित कुठं येतं?"

"मलाही येत नव्हतं. ऐक."

त्यांनी ओळ न् ओळ सांगितली. मध्ये गाड्या यायच्या, धाकटा चिठ्ठी फाडायचा आणि पुन्हा वाकून बघायचा. दोन्ही बाजूंना पाचशे सत्तर. दोन्ही बाजूंना दोनशे चाळीस. शेवटचा आकडा आला तेव्हा बोट त्या आकड्यावर ठेवून त्यानं विचारलं, "आणि सुई कुठं होती?"

"तू सांग. सगळे ड्रायर चालू होते. तू तिथं होतास."

धाकट्यानं डोळे मिटले. भाजलेल्या मानेची कातडी ताणली गेली. "विसावर," तो म्हणाला. मग डोळे उघडून पुन्हा म्हणाला, "विसावर होती, दादा. मी बघितली होती. मी सारखा बघत होतो. वर सुई, शेजारी दिवा. मी बघत होतो की!"

"बघत होतास," मिस्त्री म्हणाले. ते रडत होते आणि त्यांनी तोंड लपवलं नाही.

धाकटा रडला नाही. माफ केलं, असंही म्हणाला नाही. ते म्हणायला कदाचित आणखी वर्षं लागतील, कदाचित लागूनही व्हायचं नाही. त्यानं वही आपल्याकडे ओढली आणि पानावरून बोट फिरवलं. बोटाला शिसं लागलं.

"पोरीला दाखवायचंय हे," तो म्हणाला. "आत्ताच चल घरी. पण पेन्सिलीनं नको." त्यानं कानामागचं पेन काढून मिस्त्रींच्या हातात दिलं. "पेनानं लिही. सगळं पहिल्यापासून. आणि खाली सही कर, तेव्हा केली होतीस तशी."